सहा पॉइंट आठ

३० ऑगस्ट २०२४ला पॅरिस पॅरालिम्पिकमधली महिलांची १० मीटर एअर रायफल स्पर्धा संपली, तेव्हा तीनपैकी दोन पदकं जयपूरला निघाली होती. सुवर्ण अवनी लेखराचं, कांस्य मोना अग्रवालचं. जगभरातून अंतिम फेरीत पोचलेल्या आठ जणींमध्ये दोघी एकाच गावात राहणाऱ्या! त्याआधी २०१९ साली दिल्लीच्या विश्वचषकात २५२.९ गुणांचा विश्वविक्रम करणारी अपूर्वी चंदेलाही जयपूरचीच. घोडे, पोलो आणि हवेल्यांच्या या शहरात बायकांच्या हाती रायफल कशी स्थिरावली, हे बघावं म्हणून मी जगतपुरा रेंज गाठली. अवनीने नेमबाजीची सुरुवात केली ती इथेच, २०१५च्या उन्हाळ्यात.

अवनीचा पॅरिसमधला स्कोअर होता २४९.७. पॅरालिम्पिक विक्रम. पण रेंजवर मी ज्या ज्या माणसाशी बोलले, त्याच्या तोंडी हा आकडा आलाच नाही. येत होता तो दुसराच: सहा पॉइंट आठ.

अंतिम फेरीत जास्तीत जास्त चोवीस गोळ्या. बारा झाल्या की दर दोन गोळ्यांनी सर्वांत मागची एक बाहेर. शेवटच्या गोळीला दोघीच उरल्या, अवनी आणि दक्षिण कोरियाची ली युन-री. ली आठ दशांशांनी पुढे होती. अवनीने १०.५ मारली. ली नुसती बरी गोळी मारती तरी सुवर्ण तिचं होतं. तिला आले ६.८. शाळेतल्या नवख्या पोरीलाही ज्याची लाज वाटावी असा स्कोअर, तोही पॅरालिम्पिकच्या शेवटच्या गोळीला. “सहा पॉइंट आठ कुणालाही येऊ शकतो मॅडम,” तिथले एक प्रशिक्षक म्हणाले. “आम्ही मुलांना अवनीची १०.५ दाखवत नाही, ती सहा पॉइंट आठ दाखवतो.”

१० मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. गोळी साडेचार मिलिमीटरची, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. नुसतं दहाला लावून भागत नाही. दहाच्या आत १०.० ते १०.९ असे दशांश मोजले जातात. सगळ्या चोवीस गोळ्या १०.९ लागल्या तर २६१.६. अवनीची पॅरिसमधली सरासरी १०.४ पडते.

मी ज्या मुलीच्या मागे बसून होते, तिचं नाव छापायचं नाही असं ठरलं आहे. वय एकोणीस, व्हीलचेअर, कंबरेखाली संवेदना नाही. मला ती पहिल्यापासून दीदी म्हणत होती, पण लेनवर गेल्यावर मी तिथे नव्हतेच. आधी तिने जॅकेट चढवलं. कॅनव्हास आणि कातड्याचं, पाटासारखं ताठ. बाहेर जयपूरचा एप्रिल. जॅकेटची बटणं लावताच एक वास सुटला: कातडं, जुना घाम आणि कुठेतरी तेलाचा पुसटसा अंश. त्या वासाने माझी पाठ सोडली नाही. बारुदाचा वास येईल असं मनात धरून गेले होते, पण एअर रायफलमध्ये बारूद नसतोच, दाबलेली हवा असते. उरतो तो फक्त माणसाचा वास.

तिच्या प्रकारात ‘स्टँडिंग’ म्हणजे बसून, पण कोपराला टेबलाचा आधार न घेता. खुर्चीची पाठ किती उंच चालेल, ते धडावर ताबा किती आहे त्यावरून वर्गीकरण करणारे ठरवतात. जिच्या पोटाचे स्नायू काम करत नाहीत, तिला पाच-साडेपाच किलोंची रायफल खांदे, मान आणि जॅकेट यांच्या जोरावर तोलावी लागते. मणक्याची दुखापत वरच्या भागात असेल तर अंगाला घाम नीट येत नाही, आणि उष्णता आतच साठते. शिवाय तासन् तास बसून त्वचेला जखमा होतात, त्या कळतही नाहीत. म्हणून ती ठरावीक वेळाने रायफल खाली ठेवायची, दोन्ही हातांनी खुर्ची दाबून अंग वर उचलायची, पुन्हा बसायची. याला कुठे गुण नाहीत.

पहिला बराच वेळ तिने गोळीच भरली नाही. ड्राय फायर: रायफल उचल, श्वास सोड, थांब, ट्रिगर, पुन्हा थांब. गोळी सुटल्यावरही रायफल हलू द्यायची नाही, त्याला ही मंडळी फॉलो-थ्रू म्हणतात. मग गोळ्या आल्या. आणि मला खिळवून ठेवणारी गोष्ट इथे सुरू झाली. गोळी सुटली की पडद्याकडे न बघता ती आधी पुटपुटायची. “दहा तीन, तीन वाजता.” मग पडदा बघायची. १०.३, उजवीकडे. “नऊ आठ, खाली.” ९.८. याला कॉल देणं म्हणतात. आपल्या हातून काय झालं हे आकडा यायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर चूक दुरुस्त कशाची करणार? दर वेळी जमत नव्हतं. एकदा ती “दहा चार” म्हणाली आणि पडद्यावर ९.१ आलं. ती चिडली नाही. नोंदवहीत काहीतरी लिहिलं आणि रायफल पुन्हा उचलली. मी तिथल्या पदकांचे फोटो विसरले आहे, पण तो ९.१ नंतरचा तिचा चेहरा आठवतो. त्यावर काहीच नव्हतं.

म्हणून मला ‘प्रेरणादायी’ हा शब्द आता नकोसा झाला आहे. अवनीची गोष्ट सांगताना तो हमखास येतो. २०१२ साली अपघात, वय अकराच्या आत. पुढे अभिनव बिंद्राचं आत्मचरित्र वाचनात आलं. २०२१ साली टोकियोत २४९.६ गुण मिळवून पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. गोष्ट खरीच आहे. पण मधली वर्षं तिच्यात एका ओळीत उरकतात. टाळेबंदीत रेंज बंद पडली, तेव्हा अवनीने घरी इलेक्ट्रॉनिक लक्ष्य बसवून सराव चालू ठेवला. मार्गदर्शन पनवेलच्या सुमा शिरूर यांचं. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरी खेळलेली ही आपल्याकडची नेमबाज, आणि त्यांच्याच हाताखाली राजस्थानच्या मुलीने दोन सुवर्णं मिळवली. पॅरिसच्या वर्षीच अवनीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. मोना अग्रवाल मूळची सीकरची, लहानपणी पोलिओ झालेली, दोन मुलांची आई. गोळाफेक, भारोत्तोलन, बसून खेळायचा व्हॉलीबॉल असं सगळं करून ती २०२१च्या अखेरीस रायफलकडे वळली, आणि तीन वर्षांच्या आत तिच्या गळ्यात कांस्यपदक होतं. यात स्फूर्तीपेक्षा मजुरी जास्त आहे. तीही बिनपगारी.

पैशांचं बोलायला इथे कुणी कचरत नाही. पॅरिसनंतर केंद्र सरकारने पॅरालिम्पिक सुवर्णाला ७५ लाख आणि कांस्याला ३० लाख दिले. टोकियोच्या सुवर्णाला राजस्थानने तीन कोटी जाहीर केले होते, अवनीला वनखात्यात सहायक वनसंरक्षकाचं पदही मिळालं. केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेच्या मुख्य गटात निवड झाली तर महिन्याला ५० हजार भत्ता. म्हणजे वर पोचलेल्यांची सोय आहे, आणि ती चांगली आहे. पण चौथ्या नंबरला काय? आणि अजून राज्यस्पर्धेच्या पलीकडे न गेलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलीला?

तुलनेसाठी बर्फावर जाऊ. अमेरिका-कॅनडात जानेवारी २०२४मध्ये महिलांची व्यावसायिक आइस हॉकी लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात खेळाडूचा किमान पगार ३५ हजार डॉलर होता. तिकडच्या मानाने फार नाही, आणि तो मिळवायला त्या बायकांना अनेक वर्षं भांडावं लागलं. त्याआधीच्या एका लीगने तर २०१९ला गाशाच गुंडाळला होता. पण तो पगार खेळण्याचा आहे, सामना हरला तरी मिळणारा. आपल्याकडे लडाखच्या मुलींनी लोकवर्गणीवर बँकॉक गाठलं आणि २०१७ साली फिलिपिन्सला ४-३ हरवून भारतीय महिला आइस हॉकीचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. लेहचा बर्फ असो की जगतपुऱ्याची धूळ, आपल्याकडे रीत एकच. आधी घरच्यांनी खर्चायचं, मग जिंकायचं, मग सरकारने हार घालायचा.

माझी अडचण या क्रमाशी आहे. सहा पॉइंट आठ कुणालाही येऊ शकतो, हे प्रशिक्षकांचं वाक्य खेळाडूला सावध करायला ठीक आहे. पण मग कुणाचं अख्खं आयुष्य त्या एका गोळीवर टांगून ठेवणारी व्यवस्था तरी कशी शहाणी म्हणायची? लीची गोळी घसरली म्हणून तिच्या मागची वर्षं खोटी ठरत नाहीत, आणि ती घसरली नसती तर अवनीची वर्षंही खोटी ठरली नसती. फक्त बक्षिसाची रक्कम बदलली असती.

मुलीचे वडील दाराशी बसून होते. दुपारची पाळी बदलून आलेले, पायाशी पाण्याचा थर्मास. तिला काय व्हायचं आहे असं मी विचारलं, तर म्हणाले, “बीएची परीक्षा आहे, मग सरकारी नोकरीची देईल. खेळातून लागली तर उत्तमच.” पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. गोळ्यांचे डबे एकाच लॉटचे असले तर गोळी एकसारखी जाते, लॉट बदलला की रायफल पुन्हा तपासावी लागते. मुलीच्या रायफलला जमलेल्या लॉटचे थोडेच डबे दुकानात उरले होते. पुढच्या महिन्यात राज्यस्पर्धा. दुसऱ्या कुणी नेण्याआधी ते सगळे उचलायला हवेत, आणि दुकानदार उधार देत नाही.

“पैसे आज लागतात मॅडम,” ते म्हणाले. “पदक मिळालं तर दोन वर्षांनी.”