नवतपातले जलशीतन

घरी सुटे भाग जोडून संगणक तयार करणारे बहुतेक जण जलशीतनाची व्यवस्था निवडताना रेडिएटरचा आकार, पंख्यांची संख्या आणि दिव्यांची रंगसंगती यांपासून विचाराला सुरुवात करतात. परंतु नागपुरात, आणि विशेषतः प्रताप नगरसारख्या वस्तीत दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोलीत, हा विचार खोलीच्या तापमानापासूनच सुरू झाला पाहिजे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेते, आणि ज्या हवेत ती उष्णता अखेरीस सोडली जाते त्या हवेपेक्षा प्रोसेसर अधिक थंड होऊ शकत नाही.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील सर्व आकडेमोड करणारी मुख्य चिप. तिच्या धातूच्या झाकणावर थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता सहज पुढे जाऊ देणारा लेप, लावून त्यावर वॉटर ब्लॉक बसवला जातो. हा तांब्याचा पोकळ ठोकळा असून त्याच्या आतील अतिशय बारीक खाचांतून पाणी वाहते. तापलेले पाणी पंपाच्या जोरावर नळीतून रेडिएटरकडे जाते आणि तेथील पातळ पत्र्यांच्या जाळीतून पंख्यांनी ढकललेली हवा त्यातील उष्णता काढून घेते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते, म्हणून अचानक वाढलेला भार ते सहज पेलते. मात्र व्हिडिओ प्रक्रियेसारखे काम तासभर चालले की पाणीही तापून स्थिरावते, आणि त्यानंतर निर्णय रेडिएटरचे क्षेत्रफळ व खोलीतील हवा या दोहोंच्याच हाती राहतो.

या तंत्राला मोठ्या संगणकांचा जुना वारसा आहे. आयबीएमच्या महासंगणकांत १९६० च्या दशकातच पाण्याचा वापर होत होता, आणि महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक, ज्यात द्रव थेट चिपवरील पट्टीपर्यंत नेऊन तेथूनच उष्णता उचलली जाते. अशा संस्थांत ती उष्णता इमारतीबाहेर टाकण्याची स्वतंत्र सोय असते. घरातील संचाचा रेडिएटर मात्र ती त्याच खोलीत ओततो, हा फरक निवड करताना विसरता कामा नये.

आकड्यांत हे अधिक स्पष्ट होते. समजा, एखादा संच २०० वॅट उष्णता सोडणाऱ्या प्रोसेसरला आत येणाऱ्या हवेपेक्षा ४५ अंश वरच्या तापमानावर रोखून धरतो. वातानुकूलित प्रयोगशाळेतल्या २२ अंशांच्या हवेत हा प्रोसेसर ६७ अंशांवर राहील आणि संच उत्तम ठरेल. पण तोच संच नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ४० अंशांच्या खोलीत ८५ अंशांवर जाईल, आणि ग्राफिक्स कार्डाने आधीच तापवलेली कॅबिनेटमधली हवा रेडिएटरला मिळाली तर त्याहूनही वर. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश, तर इंटेलच्या कोअर आय-९ १४९००केची १०० अंश आहे. ती गाठताच चिप जळत नाही, तर स्वतःचा वेग स्वतःच कमी करते, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात. मे २०१३ मध्ये ज्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेथे थंड देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. रेडिएटर २४० ऐवजी ३६० मिलिमीटरचा घेतल्याने मोजके अंश हाती लागतात, खोली १० अंशांनी थंड केली तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच खाली येतो.

सुदैवाने नागपूरकरांच्या घरी खोली थंड करण्याचे स्वस्त साधन आधीपासूनच आहे. वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या ताट्यांवरून पाणी सोडणारा कूलर बाष्पीभवनाने हवेतील उष्णता खर्ची घालतो, आणि मे महिन्यातील कोरड्या दुपारी त्यातून येणारी हवा बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी थंड असू शकते. म्हणजे बंदिस्त नळ्यांतल्या पाण्याला जे साधत नाही ते ताट्यांवरच्या उघड्या पाण्याला साधते. मात्र दमट झालेली हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी, आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण झोतातून उडणाऱ्या तुषारांबरोबर क्षारही येतात व ते रेडिएटरच्या पत्र्यांवर आणि मदरबोर्डवर बसतात. जुलैत कूलर केवळ उमस वाढवतो, पण तोपर्यंत बाहेरचे तापमानच उतरलेले असते. दमट हवेमुळे वॉटर ब्लॉकवर दव साचेल ही भीतीही अनाठायी आहे, कारण चालू संचातील पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही आणि दव साचायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंडच असावा लागतो.

खोलीचा प्रश्न सुटल्यावर निवड बरीच सोपी होते. ६५ वॅटच्या वर्गातील रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरसाठी जलशीतनावर पैसे घालण्याचे कारण नाही. हीट पाइप आणि पत्र्यांचा मनोरा असलेला साधा एअर कूलर पुरतो, आणि त्यात बिघडण्यासारखा पंखा सोडला तर दुसरा भागच नाही. दुहेरी मनोऱ्याचा चांगला एअर कूलर २४० मिलिमीटरच्या जलसंचाच्या तोडीस तोड चालतो. १४९००केसारखा, भर कामात २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर तासन् तास राबवायचा असेल, तर मात्र ३६० मिलिमीटरचा एआयओ, म्हणजे कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेला संच, सार्थ ठरतो.

स्वतः नळ्या, टाकी आणि पंप जोडण्याचा कस्टम लूप हा मार्ग हौसेचा आहे आणि हौस म्हणून त्याचे मोल कमी नाही, परंतु त्याला नियमित देखभाल लागते. त्यात नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही भरू नये, कारण त्यातले क्षार वॉटर ब्लॉकच्या खाचांत साचून प्रवाह अडवतात. बॅटरीत टाकायच्या पाण्यावर भागवणेही पुरेसे नाही, कारण गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्ये त्यात नसतात. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला तर विद्युतरासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून सर्व भाग एकाच धातुकुळातले घ्यावेत.

एआयओतही जोडणी महत्त्वाची आहे. आत उरलेली हवा नेहमी सर्वात उंच जागी जमते, त्यामुळे बहुतेक संचांत वॉटर ब्लॉकवरच बसवलेला पंप हा पाण्याच्या मार्गातील सर्वोच्च बिंदू होता कामा नये. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणे त्या दृष्टीने निर्धोक. नळ्यांच्या भिंतींतून पाणी वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात झिरपत राहते आणि उष्ण खोलीत ही गती वाढते, म्हणून सीताबर्डीच्या बाजारात संच घेताना हमीची वर्षे किती, आणि गळतीने इतर भाग खराब झाल्यास भरपाई मिळते का, हे दोन्ही प्रश्न बिल करण्यापूर्वी विचारावेत. पंप थांबला तरी पंखे फिरतच राहतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. त्यामुळे पंपाची जोडणी मदरबोर्डवरील त्याच्या राखीव पिनांवरच करून त्याच्या फेऱ्या पडद्यावर दिसतील अशी व्यवस्था करावी, आणि होळीनंतर धुळीचे दिवस सुरू होताच पंखा हाताने धरून रेडिएटरची जाळी ब्लोअरने साफ करावी.