जुनी पिकअप विकताय? पैसेही सांभाळा, नावही!

ऑनलाइन जाहिरात टाकली की एक ठरलेला फोन येतो: "मी आर्मीत आहे, गाडी न बघताच घेतो, टोकन पाठवतो." मागोमाग क्यूआर कोड येतो, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." इथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

पेमेंटचा स्क्रीनशॉट किंवा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचं ॲप स्वतः उघडा, रक्कम दिसली तरच चावी द्या. चेक असेल तर वटेपर्यंत गाडी दारातच राहू दे.

खरी जोखीम मात्र गाडी गेल्यावर सुरू होते. आरसीवर तुमचंच नाव राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा प्रकरणात नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. म्हणून:

• फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करा, कोऱ्यावर नको.
• कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा.
• राज्यातच विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवा.
• डिलिव्हरीची तारीख, वेळ लिहून घेणाऱ्याची सही घ्या.

फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब!