जाबत्यांतील दर आणि हातीं पडलेला पगार

मराठी लष्करांत जुमलेदाराला काय मिळे आणि साध्या बारगिराला काय मिळे, असा प्रश्न आम्हांस संग्राहक मित्रांकडून वारंवार येतो. त्यांच्या हातीं एखादा तैनातजाबता लागलेला असतो; त्यांतील आंकडा उतरून घेऊन तोच पगार समजण्याकडे त्यांचा कल असतो. परंतु जाबत्यांतील आंकडा हा कराराचा असतो. शिपायाच्या पदरीं काय पडलें, हें त्यावरून ठरत नाहीं.

उपलब्ध दरांपैकीं प्रसिद्ध दर सभासदाचे होत. कृष्णाजी अनंतानें आपली बखर १६९७ सालीं राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें लिहिली. तिच्यांत पागेची रचना अशी आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पांच हजाऱ्यांवर पंचहजारी. जुमलेदारास ५०० होन व पालखी, त्याच्या मजमूदारास १०० ते १२५ होन. हजारीस १००० होन, व त्याच्या मजमूदार, कारभारी व जमेनीस यांस मिळून ५०० होन. पंचहजारीस २००० होन. येथें बेरीज करून पाहण्यासारखी आहे. पंचविसाचे पांच हवाले म्हणजे १२५ आणि त्यांचे दहा जुमले म्हणजे १२५० स्वार; तरी नांव हजारीच. पदाच्या नांवावरून शिबंदीची संख्या काढणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पायदळांत नऊ असामींवर एक नाईक, पांच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. म्हणजे जुमल्यांतील माणसें जवळपास पागेइतकींच, शंभरापासून दीडशेंपर्यंत. पण जुमलेदाराचा दर अवघा १०० होन व सबनिसाचा ४०. पायदळाच्या हजारीस ५०० होन. पायदळाच्या हजारीची किंमत पागेच्या जुमलेदाराइतकी! पागेंतील घोडा सरकारचा असे. तेव्हां हा फरक घोड्याच्या दाणावैरणीचा नव्हे. सव्वाशें सरकारी घोड्यांची जोखीम आणि दूरच्या मुलुखगिरींतील लुटीचा हिशेब यांचें तें मोल असावें, असें आमचें अनुमान आहे.

हे दर सालिना कीं दरमहा, याविषयीं गोंधळ होतो. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत साध्या शिपायांचे दर दरमहा दिले आहेत : पायदळाच्या असामीस १ ते ३ होन, बारगिरास २ ते ५, शिलेदारास ६ ते १२. शिलेदाराचा दर मोठा, कारण घोडा व हत्यार त्याचें स्वतःचें. हे आंकडे बारांनीं गुणले कीं पायदळाच्या असामीचे सालास १२ ते ३६ होन होतात, आणि मग जुमलेदाराचे १०० होन सालिना धरले तरच मेळ बसतो. होन साडेतीन-चार रुपयांचा धरावा. त्याहून बारीक हिशेब त्या त्या नाण्याचा दर पाहिल्यावांचून करूं नये.

आतां हा पगार चुकता कसा होई तें पाहूं. महाराजांनीं लष्करास गांव मोकासे देण्याचें टाळलें. देणें रोख अथवा वरातेनें होई, आणि शिपाई जी जमीन कसी तिचा ऐवज रयतेप्रमाणें त्याच्या नांवें पडून बाकीची वरात मिळे. पुढें पेशवाईंत सरंजामी पद्धत वाढली व हिशेबाचीं कलमेंही वाढलीं. शिलेदारास मोहिमेपूर्वीं नालबंदी मिळे. शब्द घोड्याच्या नालाचा असला तरी ती आगाऊ रक्कम असे व पुढें पगारांत वजा होई. छावणींत वेळोवेळीं रोजमुरा वांटीत, तोही वजा. नाणें हिणकस निघाल्यास बट्टा कापला जाई. सारांश, कराराच्या शंभरांतून हीं कलमें गेल्यावर उरे ती बाकी, आणि ती मिळण्यासाठीं शिपायाला धरणें धरण्याची पाळी येई. आम्हीं चाळीस वर्षें शाळेंत काढलीं. पगारपत्रकावरील आंकडा व पहिल्या तारखेस हातीं पडणारी रक्कम यांतील अंतर आम्हांस नवें नाहीं.

कौटिल्यालाही तें नवें नव्हतें. अर्थशास्त्राच्या भृत्यभरणीय प्रकरणांत सेनापतीस ४८००० पण व शिकलेल्या पदातीस ५०० पण सांगून झाल्यावर, कोश अल्प असेल तर वनांतील द्रव्यें, पशु व क्षेत्रें द्यावीं आणि रोख थोडें द्यावें, अशी तोड तेथेंच दिली आहे.

पानिपतावर अशी तोड चालण्याजोगी नव्हती. ऑगस्ट १७६० मध्यें दिल्ली हातीं आली तेव्हां भाऊसाहेबांनीं दिवाण-इ-खासचें चांदीचें छत काढून नाणें पाडलें. त्याचे सुमारें ९ लक्ष झाले व जेमतेम महिन्याचा खर्च भागला. जानेवारी १७६१ च्या आरंभीं दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक टोळी रात्रीं वाट चुकून शत्रूच्याच छावणींत शिरली. १४ जानेवारीच्या सकाळीं इब्राहिमखान गारद्यानें भाऊंस मुजरा करून म्हटलें कीं, माझ्या माणसांचा पगार वेळेवर मिळावा असा माझा हट्ट असे म्हणून आपली मर्जी खट्टू होई. या महिन्यांत खजिना लुटला गेला, पगार मिळाला नाहीं, तरी आज आम्ही आपलें कर्तव्य करूं. हें वृत्त काशीराजाचें आहे. तो त्या दिवशीं शुजाउद्दौल्याच्या बाजूस होता, तेव्हां शब्द त्याच्या कानीं पडलेले नव्हेत. पण गारद्यांना रोख पगाराची बोली होती व त्या महिन्याची बाकी राहिली होती, ही गोष्ट विरुद्ध छावणींतही माहीत होती, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, मोडी दफ्तर विकत घेतांना मोर्तबाचे सुबक जाबते निवडून बाकीचे फुटकळ बंद रद्दींत सोडूं नयेत. रोजमुऱ्याच्या याद्या, वरातांच्या नकला, पडलेल्या घोड्यांच्या भरपाईचे कागद, मेलेल्या शिपायाच्या मुलांस दिलेल्या बालपरवेशीचीं कलमें हीं बहुधा अशा बंदांवरच असतात, आणि ते एका रुमालांतून सुटून दुसऱ्यांत गेले कीं कोणत्या पथकाचे तें पुन्हा कळत नाहीं. जाबता व त्याच्याच पथकाच्या वजावाटाची यादी एका दोऱ्यांत राहिली, तर त्या दोन कागदांवरून एका शिपायाचा सालभराचा हिशेब मांडतां येतो.