बाण धनुष्याच्या डावीकडे की उजवीकडे?

2015च्या जानेवारीत लार्स अँडरसन या डॅनिश तिरंदाजाचा एक व्हिडिओ जगभर गाजला. धावता-धावता, उड्या मारत तो बाणामागून बाण सोडत होता. त्याचा एक मुद्दा अनेकांना झोंबला: आजचे तिरंदाज बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवतात, जुने धनुर्धर तो उजव्या अंगाला ठेवत, आणि चपळाईचे मर्म तिथेच आहे. मग ‘खरी’ बाजू कोणती, यावर वाद रंगला. त्या वादातले हे काही गैरसमज. पुढचे सगळे वर्णन डाव्या हातात धनुष्य धरून उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे आहे. डावखुऱ्यांनी ते उलटे करून वाचावे.

गैरसमज: एक बाजू बरोबर, दुसरी चूक.

वस्तुस्थिती: बाजू ठरते ती दोरी ओढण्याच्या पद्धतीवरून. युरोपात रुळलेल्या पद्धतीत तीन बोटे दोरीला अडकवतात; तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट आणि अनामिका खाली. इथे बाण धनुष्याच्या डावीकडे असतो. मंगोल, तुर्की, कोरियन आणि जपानी परंपरांत दोरी अंगठ्याने ओढतात आणि अंगठ्यावर तर्जनीची पकड देतात. या पद्धतीत तर्जनीची कड बाणाला उजवीकडून हलकेच दाबते. बाण उजव्या अंगाला असेल तर हा दाब त्याला धनुष्याशी बिलगवून ठेवतो. घोड्यावर बसून नेम धरणाऱ्याला याचे मोल विशेष; जनावर उधळले तरी बाण जागचा हलत नाही. तोच बाण डावीकडे ठेवला, तर तर्जनीचा दाब त्याला धनुष्यापासून दूर लोटेल.

तीन बोटांच्या पद्धतीतली अडचण वेगळी. नवखा तिरंदाज बोटे घट्ट आवळतो, दोरीला पीळ बसतो आणि बाण टेकूवरून सारखा घसरतो. बोटे सैल सोडली की ही कटकट बहुतेक वेळा थांबते.

गैरसमज: आशियाची बाजू उजवी, युरोपची डावी.

वस्तुस्थिती: या समजाला कोरियात लगेच छेद मिळतो. तिथल्या पारंपरिक तिरंदाजीत 145 मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरतात, दोरी अंगठ्याने ओढतात आणि बाण उजवीकडे ठेवतात. त्याच देशाच्या महिला संघाने 1988पासून 2024पर्यंत ऑलिंपिकची सलग दहा सांघिक सुवर्णपदके जिंकली, ती मात्र तीन बोटांनी दोरी ओढून आणि बाण डावीकडे ठेवून. देश तोच, पकड बदलली, तशी बाजू बदलली.

गैरसमज: नेमबाजीत अंगठा लागतच नाही, मग एकलव्याचे नुकसान ते काय झाले?

वस्तुस्थिती: ही शंका ऑलिंपिकची तिरंदाजी पाहून येते. तिथे अंगठा खरोखरच मोकळा असतो. पण दोरी ओढण्याच्या इतर अनेक पद्धती अंगठ्यावाचून चालत नाहीत. संस्कृतातल्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत दोरी धरण्याच्या मुठींना पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी अशी नावे आहेत आणि त्यांच्या वर्णनांत अंगठा व तर्जनी यांचा मेळ येतो. मुघल काळात दोरीने अंगठा सोलवटू नये म्हणून खास अंगठी घालत. शाहजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जपानी क्यूदोच्या हातमोज्यातही अंगठ्याचा भाग कडक केलेला असतो.

महाभारताच्या आदिपर्वात या कथेचा शेवट फार नेमका सांगितला आहे. अंगठा दिल्यावरही एकलव्य बोटांनी बाण सोडत राहिला, फक्त त्याचा पूर्वीचा वेग उरला नाही. म्हणजे त्याची विद्या समूळ गेली असे ग्रंथ म्हणत नाही.

गैरसमज: उजवीकडून सोडलेला बाण वेगवान, म्हणून तीच पद्धत श्रेष्ठ.

वस्तुस्थिती: अँडरसनच्या म्हणण्यात तथ्य आहे. उजव्या हातातला बाण उजव्याच अंगाला टेकवायचा असेल, तर तो धनुष्याला वळसा घालून पलीकडे न्यावा लागत नाही. धावत्या लढाईत हा क्षणही मोलाचा. पण वेग मिळतो तो पुढचा बाण चढवण्यात. सुटलेला बाण त्यामुळे अधिक जोरात जात नाही. शिवाय ऑलिंपिकच्या वैयक्तिक सामन्यात एका बाणाला 20 सेकंद मिळतात. 70 मीटरवरच्या 122 सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर घाईला बक्षीस नसते, अचूकतेला असते.

गैरसमज: बाण एका अंगाला असेल, तर तो तिरकाच जाणार.

वस्तुस्थिती: साध्या लाकडी धनुष्यावर बाणाचे टोक खरोखरच किंचित बाहेरच्या दिशेला असते, तरी बाण लक्ष्यावर लागतो. दोरी सुटताच बाण माशासारखा वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि डुलत-डुलत सरळ मार्गाला लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान छायाचित्रणाने हे वाकणे प्रत्यक्ष दाखवले. म्हणूनच बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो. तो मोजण्याची सध्याची रीत अशी: 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवायचा, मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगायचे आणि तो किती झुकतो ते पाहायचे. अर्धा इंच झुकला तर त्याचा स्पाइन 500. बाण फार लवचीक किंवा फार ताठ असेल, तर नेम एका बाजूला सरकतो, मग तो कोणत्याही अंगाला ठेवा.

आधुनिक रिकर्व्ह धनुष्याची मूठ मध्यापर्यंत कोरलेली असते, त्यामुळे बाण जवळपास दोरीच्या रेषेत येतो. उरलेला फरक बाणाच्या बगलेला टेकणारे स्प्रिंगचे छोटे बटण सांभाळते. कंपाऊंड धनुष्यात बोटांऐवजी रिलीज नावाच्या कळीने दोरी सोडतात आणि बाण टेकूवर मधोमध असतो, त्यामुळे डावे-उजवे जवळपास निकालात निघते. 2023मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, ती याच प्रकारात.

गैरसमज: धनुष्य घ्या, बाजू नंतर ठरवू.

वस्तुस्थिती: मूठ एकाच बाजूने कोरलेली असल्याने रिकर्व्हमध्ये बाजू खरेदीच्या वेळीच पक्की होते. दुकानातले ‘राइट हँड’ धनुष्य म्हणजे डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचे. इथेच नवशिक्या पालकांचा गोंधळ होतो. निवडताना लिहिता हात पाहतात, तसाच प्रबळ डोळाही पाहतात. दोन्ही तळव्यांमध्ये लहानशी फट धरून दूरची वस्तू तिच्यातून पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ.