तळघराला अंगणाचं दार

"आई, तुमची दोघांची खोली खाली बेसमेंटमध्ये करायची म्हणतोय," असं लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा खरं सांगते, मला जरा लागलंच. तळघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वाड्यातली अंधारी जागा, कांद्या-बटाट्यांची पोती आणि घुशी! "आयुष्यभर लेकीचं केलं, आता राहायला तळघर," असं मी ह्यांना म्हणूनही दाखवलं. हे नुसते हसले.

पण गेल्या उन्हाळ्यात आम्ही मिनियापोलिसला तिच्याकडे गेलो, तेव्हा लेक-जावयांचं घर घेणं चाललंच होतं. त्यांच्याबरोबर चार घरं हिंडले आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. तुमच्यापैकी कित्येकींची मुलं आज तिकडे आहेत. कधी ना कधी तुम्हालाही त्यांच्या घराबद्दल विचारलं जाईल, निदान त्या खालच्या खोलीत सहा महिने राहावं तरी लागेल. म्हणून हे सांगावंसं वाटलं.

मुळात तिकडे घराला तळघर असतंच का? कारण थंडीत तिथली जमीनच गोठते. मातीतलं पाणी गोठून फुगलं की पाया उचलला जातो. तेव्हा पाया गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. मिनेसोटाच्या दक्षिण भागात निदान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच, असा नियमच आहे. एवढं खणायचंच आहे, तर आणखी थोडं खणून अख्खा मजला का मिळवू नये, असा सरळ हिशेब.

आता जमीन मागच्या बाजूला उतरती असेल तर गंमत होते. पुढून बघावं तर घर एकमजली, मागून बघावं तर दुमजली! खालच्या मजल्याच्या तीन बाजू मातीत आणि चौथी सगळी उघडी. तिला मोठ्या खिडक्या, सरकतं काचेचं दार आणि दाराबाहेर थेट अंगण. ह्याला म्हणतात वॉकआउट बेसमेंट. मी पहिल्यांदा त्या दारात उभी राहिले, तर समोर हिरवळ आणि एक ससा. मनात म्हटलं, हे कसलं तळघर, ही तर ओसरी!

पण बायांनो, इथेच सावध व्हायचं. नावं सारखीच वाटतात, वस्तू वेगळी असते. कुठे नुसत्या मोठ्या खिडक्या असतात, दार नसतं. त्याला डेलाइट किंवा लुकआउट म्हणतात. कुठे दार असतं, पण बाहेर खड्डा आणि त्यातून वर चढायला पायऱ्या, ते वॉकअप. त्या खड्ड्याची मोरी पानांनी तुंबली की पावसाचं पाणी थेट दारातून आत. म्हणून एकच विचारायचं : दाराबाहेर पाऊल टाकलं की सपाट जमीन लागते, की पायऱ्या?

अशा उतरत्या जागेला पैसे जास्त पडतात, आणि ते कशासाठी देतो आहोत हे कळलेलं बरं. आमच्या जावयांना एजंटानं सांगितलं, "तीन हजार चौरस फुटांचं घर आहे." बँकेच्या मूल्यमापकानं मोजलं तर दोन हजार! दोघंही खोटं बोलत नव्हते. तिकडच्या गृहकर्जांत फॅनी मे नावाची मोठी संस्था आहे. तिनं १ एप्रिल २०२२ पासून मोजणीची एक ठरावीक पद्धत सक्तीची केली. तिच्याप्रमाणे मजल्याचा थोडासा भाग जरी मातीत असला तरी तो अख्खा मजला जमिनीखालचाच धरायचा, मग एका बाजूनं कितीही ऊन येवो. त्याची किंमत धरतात, नाही असं नाही, पण वेगळी आणि बहुधा वरच्या मजल्यापेक्षा कमी दरानं. जावयांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अहो, बँकेनं मोजलं नाही म्हणून ऊन यायचं थांबणार आहे का? पण तीन हजार फुटांच्या दरानं पैसे मात्र देऊ नका."

आणि गंमत ऐका. सरकारी पूरविम्याच्या व्याख्येत चारही बाजूंनी जमिनीखाली असेल तेच बेसमेंट. म्हणजे एकाच खोलीला कर्जवाले तळघर म्हणणार आणि विमावाले म्हणणार नाहीत! घराच्या नेहमीच्या विम्यात तर पुराचं नुकसान धरलेलंच नसतं. तेव्हा सही करण्याआधी कागद नीट वाचायला मुलांना जरूर बजावा.

पहिलं घर सगळ्यांना पसंत पडलं होतं. नवा गालिचा, नवा रंग, मेणबत्तीचा सुवास. पण माझं माहेर रत्नागिरीकडचं. चार महिने पाऊस झेललेल्या माणसाला ओल वासावरून कळते. मातीकडच्या भिंतीला लावलेलं एक कपाट मी जावयांना जरा पुढे ओढायला लावलं. मागे खाली वीतभर पांढरा लोणा आणि गालिच्याची कड कुबट. उघड्या बाजूच्या उन्हाला सगळे भुलतात, पण घराची परीक्षा मातीतल्या तीन भिंतींत असते. बाहेर जाऊन बघितलं तर पागोळ्यांचा नळ भिंतीच्या बुडाशीच सोडलेला आणि माती घराकडे उतरती. आमच्याकडे उतारावर घर बांधताना वरच्या अंगाचं पाणी आधी वळवतात, मगच जोतं घालतात. तिकडचा नियमही तेच सांगतो : भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरती हवी. ते घर आम्ही सोडलं. लेक दोन दिवस गप्प होती. तिनं तिथे पडदेसुद्धा मनात लावून टाकले होते.

दुसऱ्या घरात ओल नव्हती, पण झोपायची खोली मागच्या मातीच्या बाजूला, बिनखिडकीची, आणि उघड्या बाजूला टीव्हीचा भलामोठा हॉल. पुष्कळ घरांत असंच असतं. पाहुणे कितीसे राहणार, असा विचार असेल. पण झोपायच्या खोलीला आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट हवीच. सर्वसाधारण नियम असा, की खिडकी उघडल्यावर ५.७ चौरस फूट मोकळी जागा हवी आणि तिची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. २०२१ च्या सप्टेंबरात वादळी पावसानं न्यूयॉर्क शहरात तळघरांत राहणाऱ्या अकरा जणांचा जीव गेला, हे मी लेकीला आठवून दिलं. तिनं मुकाट्यानं टीव्ही मागे नेला आणि आमचा पलंग उजेडाकडे आणला.

आणखी एक गोष्ट मला अगदीच नवी होती. रेडॉन नावाचा वायू मातीतून घरात शिरतो. ना वास, ना रंग. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाला धूम्रपानाखालोखाल तोच कारण आहे. मिनेसोटात पाचांतल्या दोन घरांत तो जास्त सापडतो. एक बाजू उघडी आहे म्हणून वॉकआउट सुटत नाही, चाचणी करायचीच. चार पिकोक्युरी किंवा अधिक आकडा आला तर उपाय करा, असं तिथलं सरकार सांगतं. ह्या घराचा आला सहा. जमिनीखालून हवा ओढून छपरावर सोडणारा नळ आणि पंखा विकणाऱ्याच्या खर्चानं बसवून घेतला, मगच व्यवहार झाला.

चक्रीवादळाचा भोंगा झाला की सगळं घर खाली येतं. वॉकआउटमध्ये मात्र काचेच्या दाराशी बसायचं नाही, मातीच्या कोपऱ्यात बसायचं. त्या वेळी त्या अंधाऱ्या भिंतीच बऱ्या!

गैरसोय म्हणाल तर जिना. स्वयंपाकघर वर, आम्ही खाली, मध्ये चौदा पायऱ्या, आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक नाहीत. सकाळच्या चहासाठी चढउतार नको म्हणून लेकीनं खाली एक विजेची किटली, चहा-साखरेचे डबे आणि दोन कप ठेवले. कोणाला न उठवता साडेपाचला चहा घेऊन दार सरकवून अंगणात बसता येतं, हे सुख तिच्या आधीच्या फ्लॅटमध्ये नव्हतं. उन्हाळ्यात खाली हवा दमट होते, म्हणून ओल शोषणारं यंत्र चालू ठेवावं लागतं. त्याची बादली रोज रिकामी करायची. ते काम माझं.

ऑक्टोबरअखेर एका रात्री बर्फ पडलं. सकाळी दाराबाहेर वीतभर थर. वरच्या दारापुढचं जावयांनी काढलं, खालच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. दार अडकलं तर ती वाट असून नसल्यासारखी. तेव्हापासून कानटोपी घालून, फावडं घेऊन ते साफ करायचं काम आमच्या ह्यांनी आपण होऊन घेतलं, आणि परत येताना जावयांना तीनदा बजावून आले.