शिरोरेषेची परीक्षा

मामेभाऊ डिचोलीत दुकानांचे बोर्ड करतो. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि त्याला पेडण्यातूनही कामं येऊ लागली. व्हायनिल कटर घ्यायचा तर कर्ज काढून. म्हणून ‘कम्प्युटरवाला’ या नात्याने मला सोबत नेलं.

विक्रेता वेगाचं कौतुक सांगत होता. मला बघायचं होतं रोल सरळ चालतो का. इंग्रजी अक्षर सुटं, वीतभर अंतरात पुरं होतं. आपल्या मोठ्या बोर्डावर एकेका शब्दाची शिरोरेषा दीड-दोन मीटर सलग. तेवढं जाऊन परत आलेली सुरी सुरुवातीच्याच टोकावर यायला हवी. सुरीच्या जागी पेन लावून तीन मीटरचा अरुंद आयत तीनदा गिरवायला लावला. स्वस्त मशीनची रेघ तिसऱ्या फेरीत दुहेरी झाली. सर्व्हो मोटरवाल्याची एकच राहिली.

अर्थात मोटर चांगली म्हणून भागत नाही. वरची दाबचाकं खालच्या खरखरीत रुळावरच बसावीत, दोन्ही कडांना दाब सारखा हवा. लागेल तेवढं व्हायनिल आधीच उलगडून सैल सोडावं. रोलचं वजन मशीनने ओढलं की ते तिरकं जातं. आमच्या पावसाळ्यात तर मागचा कागद दमट होऊन फुगतो, म्हणून रोल आदल्या रात्रीच मशीनच्या खोलीत आणून ठेवायचा.

भावाने महागडंच घेतलं, हप्त्यांवर. पेडण्याचा पहिला बोर्ड साडेतीन मीटरचा निघाला.