निभावून नेणारे पूल

कायमची सोय होईपर्यंत मधला काळ निभावून नेणाऱ्या उपायाला डच भाषेत ‘ओव्हरब्रुखिंग’ म्हणतात. जुने घर विकले जाण्याआधी नवे घेणाऱ्याला नेदरलँड्समध्ये मिळणारे अल्पमुदतीचे कर्ज याच नावाने ओळखले जाते. अभियांत्रिकी आणि वैद्यक या क्षेत्रांत मात्र असा उपाय जीव वाचवतो.

सप्टेंबर 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नेदरलँड्समधील सोन गावाजवळचा कालव्यावरील पूल उडवला. ब्रिटिश अभियंत्यांनी एका रात्रीत तिथे तात्पुरता बेली पूल उभारला आणि सकाळी त्यावरून रणगाडे गेले. या पुलाच्या 10 फुटी पोलादी चौकटी सहा माणसे उचलू शकतात. त्या खिळींनी जोडत सांगाडा काठावरच तयार होतो आणि रोलरवरून पलीकडे ढकलला जातो. क्रेन लागत नाही, नदीपात्रात खांब सहसा रोवावे लागत नाहीत. वायनाडच्या 2024 मधील दरडींनंतर चूरलमला इथे लष्कराने असाच 190 फुटी पूल बांधला. त्या तुकडीत पारनेर तालुक्यातील मेजर सीता शेळके होत्या.

वैद्यकातील असा पहिला मोठा उपाय नेदरलँड्समध्येच, जर्मन अंमलाखालील कांपेन गावात घडला. डॉ. विलेम कोल्फ यांनी मूत्रपिंडे बंद पडलेल्या रुग्णांसाठी सॉसेजच्या आवरणाची सेलोफेन नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली. क्षारांच्या पाण्यात अर्धवट बुडालेले हे पिंप फिरताना नळीतील रक्तामधला युरिया सूक्ष्म छिद्रांतून बाहेरच्या पाण्यात उतरे; रक्तपेशी व प्रथिने आतच राहत. 1943 पासूनचे बहुतेक रुग्ण दगावले, तरी कोल्फ थांबले नाहीत. 1945 मध्ये बेशुद्धावस्थेतील 67 वर्षांची एक स्त्री या डायलिसिस यंत्रामुळे शुद्धीवर आली. यंत्राने तिची मूत्रपिंडे बरी केली नव्हती. मूत्रपिंडे आपोआप सावरेपर्यंत तिला जगवले होते. पुढे ती सुमारे सात वर्षे जगली. कोल्फ यांच्या कामाचे खरे मोल या नेमक्या मर्यादेत आहे.

हृदयासाठी हाच विचार 1969 मध्ये अमेरिकेत झाला. डॉ. डेंटन कूली यांनी बसवलेल्या कृत्रिम हृदयावर रुग्णाने दात्याचे हृदय मिळेपर्यंत 64 तास काढले. प्रत्यारोपणानंतर मात्र तो वाचला नाही.

पुन्हा मूत्रपिंडांकडे वळू: ती कायमची निकामी झाली, तर ती सावरण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे अशा रुग्णांवर दीर्घकाळ उपचार अशक्य होते. 1960 मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातील धमनी व शीर जोडणारी टेफ्लॉनची नळी कायम ठेवण्याची युक्ती काढली. तेव्हापासून डायलिसिस वर्षानुवर्षे चालू शकते: कुणासाठी प्रत्यारोपणापर्यंत, कुणासाठी आयुष्यभर.